काजूवाल्यांचा संघ काढायचा तर त्यानं नेमकं काय करावं? (पेठ-सुरगाणा, जि. नाशिक)

करंजाळीकर

मंडळी, नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण मनापासून विचारतोय.

आमची पेठ तालुक्यात काजूची वाडी आहे. वडिलांनी वाडी योजनेत एक एकर लावली होती, आंबा आणि काजू मिळून, बांधाला साग आणि बांबू. मी ती वाढवत नेली. आज काजूचीच १८० कलमं आहेत, बहुतेक वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. नोकरी सातपूरला, त्यामुळं शनिवारी संध्याकाळी सावळ घाट उतरायचा आणि सोमवारी पहाटे परत चढायचा.

यंदा मार्चअखेरीस व्यापाऱ्याचा टेम्पो गावात आला. ताणकाटा त्याचा, भाव त्याचा. ४० किलोच्या पोत्यामागं २ किलो कडता, म्हणजे वजनात कपात. का, तर म्हणे बी ओली आहे. त्यानं एकही बी कापली नाही, मूठभर हातात घेऊन खुळखुळवूनही पाहिली नाही. माझी बी तीन उन्हं खाल्लेली होती. शेजारच्या आजीनं त्याच दिवशी सकाळी बोंडूपासून सोडवलेली. तिलाही तेवढाच कडता, तोच भाव. दोन किलो गेले त्याहून मला हे जास्त लागलं. वाळवणाऱ्याला आणि न वाळवणाऱ्याला एकच माप असेल तर पुढच्या वर्षी कोण वाळवेल?

तर आम्ही पाच-सहा गावांतले साठेक जण संघ काढायच्या विचारात आहोत. एक म्हणतो संघानं बी विकत घ्यावी. दुसरा म्हणतो फॅक्टरी टाकावी. तिसरा म्हणतो अनुदान मिळवून द्यावं, बाकी काही नको. मृगानंतर सगळे भाताच्या आवणात अडकतील, म्हणून बैठक त्याआधी घ्यायची आहे. ज्यांनी असे संघ जवळून पाहिलेत त्यांनी सांगा: संघाचं खरं काम कोणतं?

निफाडचा_नाना

आधी ताणकाटा विकत घ्या. बाकीचं नंतर.

द्राक्षवेल

नानांशी सहमत. पण करंजाळीकर, तुम्हाला दूर जायची गरज नाही, आमच्या द्राक्षाकडं बघा. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे असे त्याचे विभाग आहेत. आमच्या घरात तिसरी पिढी सभासद आहे. संघ माझा एक घडसुद्धा विकत घेत नाही, आणि तरी संघ नसता तर आमची बाग आज जशी आहे तशी नसती.

काय देतो सांगतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, दोन्हींच्या आधी चर्चासत्रं. तिथं मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ असतात आणि समोर डोळ्यांत तेल घालून बाग सांभाळणारे शेतकरी. शास्त्रज्ञानं सांगितलेलं एखादं औषध आमच्याकडं चाललं नाही तर उठून तोंडावर सांगणारे लोक तिथं आहेत. या देवाणघेवाणीतून आम्ही शिकलो.

दुसरं, संकटात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली. आमच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. एकटा दिंडोरीचा शेतकरी हॉलंडच्या बंदरावर काय बोलणार? अशा वेळी अपेडा (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण), निर्यातदार आणि संशोधन केंद्र यांच्यासमोर शेतकऱ्यांच्या बाजूनं बसणारं कोणीतरी लागतं. पुढं ते रसायन तपासणीच्या यादीत आलं आणि आम्हीही वापर सोडला.

गोदाकाठ

द्राक्षवेल, द्राक्षवाल्याच्या खिशात वर्गणी भरायला पैसे असतात हो. पेठेतला एक एकरवाला कुठून भरणार? शिवाय संघ म्हटलं की अध्यक्ष, उपाध्यक्ष, सत्कार, फ्लेक्स. मी असे चार संघ उभे राहताना आणि आडवे होताना पाहिलेत.

सुरगाण्याची_माई

गोदाकाठ भाऊ, वर्गणीचं नंतर बघू. आधी दुसरी अडचण ऐका.

काजू पडायला लागतो फेब्रुवारी-मार्चात. नेमकी तेव्हा आमची माणसं कुठं असतात? दिंडोरी-निफाडला, द्राक्षाच्या खुड्यावर. दिवाळीनंतर गाव रिकामं होतं. घरी म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. बी झाडाखाली आठ-आठ दिवस पडून राहते, एखादा अवकाळी शिडकावा झाला की काळी पडते. मग घाईघाईत गोळा करून ओलीच प्लास्टिकच्या गोणीत भरतात. करंजाळीकर दादांच्या शेजारची आजी आळशी नाही. तिच्याकडं अंगण सारवून बी पसरायला माणूस नाही.

संघ काढाल तर वाळवणीची एक सामाईक जागा करा. पाड्यावर एक सिमेंटचा ओटा आणि राखणीला एक बाई. एवढं झालं तरी आम्ही तुमच्या संघाला दुवा देऊ. आणि सभासद करताना जिच्या हातून बी वेचली जाते तिचंही नाव घाला, नुसतं सातबाऱ्यावरच्या माणसाचं नको.

करंजाळीकर

माई, आजीबद्दल मी लिहिलं ते आता मलाच टोचतंय. तुमचं खरं आहे. ओट्याचं लिहून घेतलं, आणि बायकांच्या सभासदत्वाचंही.

वेंगुर्लेकर

काजूचा धागा आणि मी गप्प बसणार, असं होणार नाही! आमच्याकडं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून या जाती निघाल्या, त्या तुमच्या सह्याद्रीच्या उतारावर फळतायत याचा आनंद आहे.

करंजाळीकर, तुमच्या प्रश्नात भाव मध्यभागी आहे, म्हणून तो कसा ठरतो ते आधी समजून घ्या. मोठ्या व्यापारात बीचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, आतल्या गरावर ठरतो. त्याला आउटटर्न म्हणतात. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल तो आकडा. आउटटर्न ४८ म्हणजे ४८ पौंड, साधारण २१.८ किलो. म्हणजे उतारा सुमारे २७ टक्के. वेंगुर्ला-४ आणि ७ चा उतारा नीट वाळवलेल्या बीत ३० टक्क्यांच्या आसपास जातो. फरक तीन टक्क्यांचा दिसतो, पण क्विंटलमागं तीन किलो गर झाला! तो आज तुम्ही फुकट देताय.

आउटटर्न काढायला प्रयोगशाळा लागत नाही. पोत्यांतून वरून, मधून, खालून मूठ-मूठ बी काढायची, मिसळायची, मोजायची, वजन करायचं, अडकित्त्यानं उभी कापायची. चांगले, सुरकुतलेले, डागी, कुजके गर वेगळे करायचे आणि वजन करायचं. डागी-सुरकुतलेल्याला निम्मं धरतात, कुजका बाद. एका तासाचं काम. व्यापाऱ्याला हे येतं, आपल्याला येत नाही, सगळं दुखणं इथंच आहे. तुमच्या संघानं पहिल्या वर्षी साठ जणांना फक्त बी कापून बघायला शिकवलं तरी टेम्पोवाला पुढच्या वेळी जपून बोलेल.

आता थोडं कडू. संघ कोणाचा, हे पहिल्या दिवशी ठरवा. देशात काजूची एक जुनी संघटना म्हणजे कोल्लमची काजू निर्यात प्रोत्साहन परिषद, १९५५ सालची. निर्यातीसाठी तिनं मोठं काम केलंय, ते मी नाकारत नाही. पण ती निर्यातदारांची आहे. कच्ची बी स्वस्त मिळावी हे त्यांच्या सोयीचं, बी महाग जावी हे आपल्या. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं, तेव्हा कारखानदार खूश होते आणि आमच्याकडचे बागायतदार हवालदिल. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची बी बंदरात उतरली की आमच्या तालुक्यातला भाव हलतो. त्या टेबलावर बागायतदाराची खुर्ची नसेल तर त्याच्या बाजूनं कोण बोलणार?

टरफलवाली

वेंगुर्लेकर, मी त्या 'कारखानदारां'पैकी आहे, म्हणून उत्तर देते. माझं छोटं युनिट आहे, नाशिकजवळ, १४ बायका कामाला. स्थानिक बी मला तीन महिने मिळते. उरलेले नऊ महिने या बायकांना घरी बसवू का? देशात पिकणारी बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून बाहेरची लागते. शुल्क वाढलं की सगळ्यात आधी माझ्यासारखे छोटे बंद पडतात, मोठे नाही.

आणि फॅक्टरी टाकू म्हणणाऱ्यांसाठी: काजू फोडणं दिसतं तितकं सोपं नाही. टरफलात तेल असतं, हाताला लागलं की कातडी सोलून निघते. आम्ही हातमोजे देतो, तरी जुन्या बायका राख आणि तेल लावल्याशिवाय बसत नाहीत. वाफवणं, कापणं, भट्टीत वाळवणं, साल काढणं, मग प्रतवारी. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अखंड गर, डब्ल्यू १८० म्हणजे १८० पर्यंत, टपोरे. गर तुटला की भाव कोसळतो. हे सगळं शिकायला मला चार वर्षं लागली, त्यातली पहिली दोन तोट्यात.

मला विचाराल तर संघानं फोडायच्या भानगडीत पडू नये. मला एकसारखी वाळलेली, जातवार वेगळी केलेली बी द्या. मी कडता लावणार नाही आणि भावही वर देईन. हे मी लेखी द्यायला तयार आहे.

वेंगुर्लेकर

ताई, छोट्या युनिटचं म्हणणं मान्य. माझा रोख तुमच्यावर नव्हता. तरी शुल्काबाबत आपलं पटणार नाही, आणि म्हणूनच दोघांच्या संघटना वेगळ्या असाव्यात आणि वर्षातून दोनदा एकत्र बसाव्यात असं मला वाटतं.

मोडेस्टोकर

मूळचा नाशिक रोडचा, आता बारा वर्षं कॅलिफोर्नियात, बदामाच्या पट्ट्यात. इथली रचना सांगतो, कारण वरचा वाद इथं एका वेगळ्या पद्धतीनं सोडवलाय.

बदाम मंडळ १९५० साली उभं राहिलं, संघराज्याच्या कायद्याखाली. दहा जणांचं मंडळ, पाच बागायतदार आणि पाच माल हाताळणारे, म्हणजे बदाम फोडून, प्रतवारी करून विकणारे. वर्गणी ऐच्छिक नाही. पौंडामागं ठरलेले काही सेंट, आणि ते माल स्वीकारणारा भरतो. गोदाकाठ यांचा प्रश्न होता ना, एक एकरवाला कुठून भरणार? इथं वर्गणी मालावर आहे, माणसावर नाही. कमी पिकलं तर कमी.

या पैशातून मंडळ एक पौंड बदाम विकत घेत नाही, भावही ठरवत नाही. संशोधन (मधमाश्या, पाणी, कीड), दर्जाचे नियम, बाजारपेठ वाढवणं, एवढंच. २००१ आणि २००४ मध्ये कच्च्या बदामातून साल्मोनेलाची लागण झाली. त्यानंतर मंडळाच्या पुढाकारानं नियम आला आणि सप्टेंबर २००७ पासून कॅलिफोर्नियातला बदाम अमेरिकेत विकण्याआधी निर्जंतुक करणं सक्तीचं झालं. काही छोटे बागायतदार चिडले, कोर्टात गेले. पण एकाच्या चुकीनं सगळ्यांचा बाजार बसू शकतो, हे मंडळानं धरून ठेवलं.

खरेदी-विक्रीसाठी वेगळी सहकारी संस्था आहे, ब्लू डायमंड, १९१० पासूनची. तेव्हा आवाज आणि संशोधन एका घरात, दुकान दुसऱ्या घरात. नाशिकच्या लग्नात वाटले जाणारे बदाम बहुतेक इथलेच, भारत इथल्या बदामाचं फार मोठं गिऱ्हाईक आहे. तेही आपोआप झालेलं नाही, मंडळानं तिथं वर्षानुवर्षं जाहिरात केली आहे.

गोदाकाठ

वर्गणी मालावर, माणसावर नाही. हे आवडलं. माझा पहिला आक्षेप मागं घेतो. फ्लेक्सचा कायम.

पोह्यातला_काजू

अवांतर: एवढं वाचून भूक लागली. बैठकीला काजूची उसळ असेल तर मीही सभासद. आमच्याकडं ओल्या काजूची करतात, सोलताना बोटं काळी होतात पण चव विसरता येत नाही.

येवल्याचा_शेंगदाणा

अवांतर नाही, विषयाला धरून. शेंगदाण्यातही सगळं वाळवणीवर अडतं. ओला माल साठवला की बुरशी, बुरशीतून अफलाटॉक्सिन. थेट खायच्या शेंगदाण्याला युरोपात अब्ज भागांत ४ भाग एवढीच मर्यादा आहे. आमच्या भागात माल चांगला असूनही एका गोदामातल्या ओलीमुळं अख्खा लॉट गेलेला मी पाहिलाय. माईंचा ओटा ही पहिली गरज, माझं मत त्यांना.

हिशेबनीस

संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून दोन गोष्टी.

एक, नोंदणी. बोलण्यासाठी आणि शिकण्यासाठी संघ हवा असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढा, खर्च कमी. खरेदी-विक्री करायची असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी, त्याला किमान १० उत्पादक लागतात. दोन्ही एकाच पिशवीत भरू नका. कंपनी तोट्यात गेली की लोक संघावरही रुसतात.

दुसरं, अनुभव. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गटाचे कागद माझ्याकडं आले. माणसं प्रामाणिक, काम चांगलं. पण वर्गणीची पावती नाही, खर्चाचं व्हाउचर नाही, सगळं अध्यक्षांच्या वहीत पेन्सिलीनं. अध्यक्ष वारले आणि वहीबरोबर गटही गेला. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण कोणाला ते सिद्ध करता आलं नाही. मला त्या बाईंचा, त्यांच्या पत्नीचा, कागद चाळतानाचा चेहरा विसरता येत नाही. पहिल्या दिवसापासून दोन सह्यांचं बँक खातं आणि पावतीपुस्तक. यात तडजोड नको.

हरसूलचा_मास्तर

अनुदानाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. राज्य सरकारनं काजू मंडळ काढलंय, आणि २०२४ च्या हंगामासाठी काजू बीला किलोमागं १० रुपये अनुदान जाहीर झालं होतं. असं काही मागायचं तर दोन कागद हवेत: सातबाऱ्यावर काजूची नोंद आणि विक्रीची पावती. आमच्या पट्ट्यात दोन्हींची बोंब. निम्म्या वाड्या वनहक्काच्या पट्ट्यावर, पीकपाहणीला नोंद लावलेली नाही, आणि टेम्पोवाला पावती देत नाही. कागदावर आपल्याकडं काजूच पिकत नाही!

संघाचं एक काम मी सांगतो. पावसाळ्यात दोन तरुण पोरांना मोबाईल देऊन घरोघर पाठवा, ई-पीक पाहणीत प्रत्येकाची झाडं नोंदवून घ्या. वनपट्टेधारकांची यादी वेगळी करून तहसीलला एकत्र अर्ज द्या. एकट्यानं गेलो तर 'उद्या या'. साठ जणांचा अर्ज आवक क्रमांकासह दिला की त्याचं उत्तर द्यावं लागतं. मी स्वतः लिहून देईन, शाळा सुटल्यावर वेळ असतो.

सुरगाण्याची_माई

मास्तर, सुरगाण्यालाही या. आमच्याकडं लिहिणारं कमी आहे.

हरसूलचा_मास्तर

येतो, माई. जूनच्या पहिल्या रविवारी.

करंजाळीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, ओसरीवर अकरा जण होते. ठरलं ते असं.

संघ फक्त बागायतदारांचा. बी विकत घेणार नाही, फॅक्टरी टाकणार नाही. वर्गणी विकलेल्या बीच्या किलोमागं २५ पैसे, माणशी काही नाही. क्विंटलला २५ रुपये पडतात, ते टोचणार नाहीत. स्वतःचा काटा, वजनमापेवाल्यांचा शिक्का मारलेला. माईंच्या म्हणण्याप्रमाणं सामाईक ओटा, पहिला आमच्याच खळ्यात, कारण जागा आहे. वडिलांनी लगेच हो म्हटलं. टरफलवाली ताई, तुम्हाला पुढच्या हंगामात जातवार बी मिळेल, लेखी द्यायचं विसरू नका. कंपनीचं दोन वर्षांनी बघू.

आणि वेंगुर्लेकर, तुमचं ऐकून शिल्लक बीतल्या ५० बिया आज आईच्या अडकित्त्यानं कापल्या. पोरं भोवती बसून मोजत होती. ४१ गर पांढरे, टपोरे. ५ सुरकुतलेले. ४ ना काळपट डाग. हे चार डाग ढेकण्याचे (रस शोषणाऱ्या किडीचे) की वाळवणीचे? मला ओळखता येत नाही.

वेंगुर्लेकर

पन्नासात ४१, मंडळी, चांगली बी आहे ही! बाद एकही नाही.

त्या चार गरांची टरफलं फेकली नसतील तर शोधा. टरफलावर बाहेरून काळे खोलगट ठिपके किंवा खपली दिसली तर ढेकण्यानं कोवळ्या बीला सोंड खुपसली होती असं समजा. मग पुढच्या मोसमात पालवी, मोहोर आणि फळधारणा, तिन्ही वेळा झाडावर नजर ठेवावी लागेल, आणि शेजाऱ्यानंही, नाहीतर तो त्याच्याकडून तुमच्याकडं येतो. टरफल स्वच्छ असेल आणि डाग आतच असेल तर ओल राहिली.

करंजाळीकर

टरफलं चुलीपाशी होती, सापडली. तिघांवर ठिपके आहेत, एक स्वच्छ. ठिपकेवाल्या तिन्ही ओढ्याकडच्या कडेच्या झाडांच्या असाव्यात, ते पोतं वेगळं होतं. पलीकडची वाडी त्या आजीचीच आहे. उद्या सकाळी जाऊन तिची झाडं बघून येतो.